भिंतीपलीकडचा ठोका

तीर्थस्वरूप दाजी,

शिरसाष्टांग नमस्कार. आपण तूर्त माझ्याशी बोलत नाही, हे ध्यानात ठेवूनच लिहितो आहे; पत्र वाचायला बोलावं लागत नाही. (ताई, तू मोठ्याने वाचून दाखवत असशील, तर हे वाक्य जरा हळू वाच.) आपला गुडघा, चष्मा आणि काठी ही त्रयी सुखरूप असेल अशी आशा आहे. पैकी काठीची चौकशी विशेष आहे, त्याचं कारण यथावकाश येईलच. माझी प्रकृती उत्तम. इथे परीक्षा केंद्रावर मिळणारा चहा सोडला तर तक्रारीला जागा नाही, आणि त्याला चहा म्हणण्याची सक्ती नाही.

या परगावी पर्यवेक्षक म्हणून आलो खरा, पण व्हायोलिन घरी राहिलं. वसतिगृहाच्या नियमांत ‘वाद्ये व पाळीव प्राणी’ एकाच कलमात घातले आहेत. (कलम लिहिणाराही आपल्यासारखाच माझ्या भिंतीला भिंत लावून राहत असावा.) परतल्यावर लगेचच्या रविवारी आमच्या व्हायोलिनच्या वर्गाचा मेळावा, आणि हाताशी वाद्य नाही. निघताना व्हायोलिनच्या बाईंना हे गाऱ्हाणं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मग मनात वाजवा की! बोटं कुठे पडतात, गज कुठे वळतो, सगळं डोळ्यांपुढे आणायचं. घरच्यांनाही तेवढीच विश्रांती.” शेवटचं वाक्य मी शास्त्राबाहेरचं म्हणून सोडून दिलं. बाकीचं मला फारच पटलं. वस्तू समोर नसताना तिच्याविषयी तासन्‌तास बोलणं हा आम्हा संस्कृत शिकवणाऱ्यांचा पिढीजात धंदा. या विद्येला मी ‘मानसवादन’ असं नाव ठेवलं, आणि नाव ठेवल्याबरोबर निम्मी विद्या आली असं मला वाटलं.

गेल्या मेळाव्यात काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे, कारण ते मीच आपल्या दारात उभं राहून आपल्याला ऐकवलं. मी वाजवतो त्या धुनेचा संथ भाग संपून पळता भाग सुरू होतो, नेमक्या त्या उंबरठ्यावर मी गज हवेत धरून उभा राहिलो. श्रोत्यांना आधी ती कला वाटली, मग आजार वाटला. घरी येऊन मी निदान केलं की वर्षानुवर्षं माझ्या सरावात नेमकी तिथेच आपली काठी भिंतीवर आदळत आल्याने धुनेला तडा गेला आहे. दुसऱ्या दिवशी ताईच्या हाती काठीसाठी रबरी टोपण धाडलं. तेव्हापासून आपणही गप्प आणि भिंतही गप्प. यंदा पुन्हा थांबलो तर पुढल्या वर्षी मी लहान मुलांच्या बाकावर बसून बोटं न टेकवता सुट्या तारांचे धडे गिरवायचे, असं बाईंनी हसत सांगितलं आहे. त्या हसून सांगतात तेच खरं करतात.

असो. मानसवादनाला मी परीक्षेच्या दालनातच सुरुवात केली. तिथे शांतता सरकारी खर्चाने मिळते. हात पुढे गुंफून उभा राहायचो, डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर ठेवायचो आणि धून सुरू. मनात वाजवताना माणूस बेसूर होत नाही, हा मोठाच लाभ. फक्त त्या उंबरठ्यावर पोचलो की बोटं थबकायची. मग पुन्हा पहिल्यापासून. एके दिवशी पर्यायांच्या प्रश्नांचा पेपर होता. चारांतला एक पर्याय निवडायचा. आता दाजी, व्हायोलिनलाही बोटं चारच लागतात. समोरच्या रांगेतल्या हुशार मुलांनी ताडलं की तर्जनी म्हणजे पहिला पर्याय आणि करंगळी म्हणजे चौथा. मी थांबून पुन्हा सुरू केलं, तेव्हा त्यांची अशी समजूत झाली की मागे राहिलेल्यांसाठी सर पुन्हा सांगताहेत. (इतकं एकचित्त माझ्या वर्गात आजवर कोणी झालेलं नाही.)

सगळ्या रांगेची उत्तरं तंतोतंत सारखी निघाली आणि मला केंद्रप्रमुखांनी बोलावलं. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “वाजवून दाखवा.” मग त्यांच्या टेबलाच्या कडेवर मी धून वाजवली आणि ते समोरच्या उत्तरपत्रिकेवर बोट फिरवत ताडून पाहत गेले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, “सर, तुमच्यावर विश्वास ठेवतो. मुद्दाम सांगितली असतीत तर दोन-चार तरी बरोबर आली असती. पण अर्ध्यावर काय झालं? पुढे सगळ्यांचे कागद कोरे आहेत.” मी सहज बोलून गेलो, “पुढे भिंत वाजायची आहे ना.”

बोललो, आणि तिथेच खुर्चीत बसून राहिलो. दाजी, धुनेला तडा नव्हताच. ते तिचं बिजागर होतं. मी ती धून शिकलो तीच आपल्या ठोक्यासकट. संथ भाग, मग भिंतीपलीकडून धाड्‌, आणि त्या दणक्याने दचकून पळता भाग. सभागृहात भिंत नव्हती म्हणून मी अडलो, आणि दोष लावला काठीला. खोलीवर येऊन डोळे मिटले, मनातल्या धुनेत आपला ठोका घातला, आणि गज शेवटपर्यंत पाण्यासारखा गेला. वर सांगायला संकोच वाटतो, पण ठोका नेमका मात्रेवर पडतो. ज्यांना मी संगीतद्वेष्टे म्हणून ओळखतो, त्यांचा ताल माझ्याहून पक्का निघाला.

पर्याय शोधून पाहिला. शेजारच्या खोलीतल्या भूगोलाच्या गुरुजींना दार ठोठावायला लावलं. त्यांनी पाहुण्यासारखं टकटक केलं आणि वर “येऊ का?” असं विचारलं. त्या ठोक्यात रागच नव्हता. बोटं हलेनात. अनेक वर्षांचा मुरलेला संताप उसना कुठून आणायचा?

ताईला नमस्कार. भाच्यांना आशीर्वाद. पत्रात अधिक-उणं असेल तर अधिक तेवढं माझं समजावं.

आपला धाकटा मेहुणा,
भिंतीअलीकडचा

ता. क. मेळावा रविवारी संध्याकाळी आहे. पहिल्या रांगेत कडेची खुर्ची धरून ठेवायला बाईंना लिहिलं आहे. त्या सभागृहाची जमीन लाकडी आहे, हे सहज कळवतो.

ता. क. २. संथ भाग संपताना मी आपल्याकडे पाहणार नाही. पाहिलं तर आपल्याला दया येईल आणि ठोका हलका पडेल. आजवर ऐकलेलं सगळं आठवून मारावा.

ता. क. ३. काठीचं रबरी टोपण तेवढं काढून यावं. फेकू मात्र नये, खिशात ठेवावं. सभागृहाच्या पायऱ्या निसरड्या आहेत. उतरताना माझा हात आहेच, पण माझी बोटं कुठे थबकतील याचा काय भरवसा, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे?