पाकीट नसलेलं पत्र

प्रिय बाबांना सलाम,

मी बरी आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर होतं. कारखान्यात तंबूंच्या शिवणीतून पाणी झिरपतं का, ते मी तपासते. प्रेषित पौलाचाही धंदा तंबूंचाच होता. त्यानं लग्न केलं नाही, गाव सोडलं. ते त्याला देवाचं पाचारण, आणि मी तेच केलं तर मात्र हट्ट.

दादा सांगत होता, माझी पाकिटं तुम्ही फोडतच नाही. पौलानं परक्यांना लिहिलेली पत्रं मात्र दर रविवारी चर्चच्या व्यासपीठावरून वाचता. म्हणून हे पोस्टकार्ड.

गुडघा कसा आहे? जिने चढू नका.

हे उलटं ठेवलंत, तरी आई मोठ्यानं वाचेल. बायकांनी गप्प राहावं असं पौलानं लिहिलं ते चर्चच्या मंडळीत, स्वयंपाकघरात नाही.

अजूनही तुमचीच,
धाकटी