मतदानाची रजा

आबा, माझ्यासमोरची खाट परवापासून रिकामी आहे. तिच्यावर श्रीलंकेचा एक एसी मेकॅनिक झोपायचा, माझ्याच हाताखालचा. तो नोकरी सोडून घरी गेला, आणि गेला कशासाठी, तर मत द्यायला. त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे आणि आपल्यासारखंच त्यांनाही परदेशातून मत देता येत नाही. इथे कतारमध्ये, मुऐदरच्या या खोलीत बाकीचे त्याला खुळा म्हणतात. मीही म्हणालो. तुम्ही मात्र म्हणाला नसतात.

मी कतारहून पहिल्यांदा सुट्टीवर आलो, तेव्हा तुम्ही मला हौसेने सभेला नेलं होतं. तालुक्यात सभा कुठल्याही पक्षाची असो, कर्णे आपलेच. तुम्ही अँप्लिफायरपाशी स्टुलावर बसलेले, मी शेजारी तोंड उघडं टाकून भाषण ऐकतोय. तुम्ही खेकसलात, "भाषण काय ऐकतोस? माणसं कवा उठत्यात ते बघ." मग मी बघितलं. पुढारी देशाच्या इभ्रतीवर बोलायला लागला तशा मागच्या बाया लुगडी झटकून उठल्या, आणि टँकरचा विषय निघाला तशा पुन्हा खाली बसल्या. तुम्ही नुसते हसलात आणि आवाज थोडा वाढवलात.

हा मेकॅनिक ड्युटीवरून आला की मोबाइलवर त्यांच्या सभा लावायचा. मला सिंहली कळत नाही, मी तुमच्या सवयीने गर्दी बघायचो. घोषणा चालल्या की तो तांदूळ निवडत बसायचा, पण मध्येच त्याचे हात थांबायचे; विचारलं की सांगायचा, स्वयंपाकाच्या गॅसचं किंवा औषधांचं चाललंय. त्यांचा देश दिवाळखोर झाला त्या मधल्या वाईट दिवसांत त्याची म्हातारी आई सिलिंडरसाठी तीन दिवस रांगेत उभी होती, आणि सरकारी दवाखान्यात तिचं इंजेक्शनच नव्हतं. त्याने चार दिवसांची रजा मागितली. मी फोरमन, अर्ज ऑफिसात जाण्याआधी त्यावर शेरा माझा लागतो. इथे घाईच्या कामात रजा हवी असेल तर सगळे एकच लिहितात, आई सिरियस किंवा बाप सिरियस. मी त्यालाही तेच शिकवलं. तो म्हणाला, "जिंदा मां को बीमार नहीं लिखेगा, सर." मला त्याचा रागच आला. मोठा आला हरिश्चंद्र, असं मनात म्हणत मी शेरा मारला, तातडी नाही. अर्ज नामंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला.

नोटीस संपेपर्यंत तो माझ्याशी नीट वागला, तेच जास्त लागलं. बॅग भरताना मी त्याला विचारलं की एका मताने काय होणार आहे. "मां लाइन में खड़ा था, मैं इधर था," तो म्हणाला. "अभी मैं लाइन में खड़ा रहेगा. खलास." मी त्याची बॅग खाली टॅक्सीपर्यंत नेली. दुसरं काय करणार होतो? शेरा तर माझ्याच अक्षरात होता.

आबा, तुमचा शेवटचा फोन आपल्याकडच्या मतदानाच्या आठवड्यातलाच. आवाज बसला होता. "यिऊन जा रं, तुझं बी मत हाय की हितं," एवढंच म्हणालात. छातीचं दुखणं सांगितलं नाहीत, पण खोकताना फोन लांब धरलात ते मला कळलं होतं. मी म्हणालो, साहेब रजा देत नाही. तुम्ही लगेच मान्य केलंत. मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. शेजारचे सांगत होते की तुम्ही दोन दिवस येईल त्याला सांगत होतात, पोराचा जीव तुटतोय, पण साहेब सोडत नाही. आई अजून त्या साहेबाला शिव्याशाप देते.

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकलं तर आई ते कुणाकडून तरी वाचून घेईल, म्हणून टाकणार नाही. साहेब भला माणूस होता, आबा. मी तेव्हा नुकताच फोरमन झालो होतो आणि मला त्याच्या नजरेत भरायचं होतं. मी रजा मागितलीच नव्हती.