समुद्र सुटला आणि नवरे घरी आले

सरावली, ९ मार्च १९६७

ती. मंजुळाताईस धाकट्या पुष्पलतेचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? माझी तब्येत विचारशील, तर चार बाळंतपणांनंतर जेवढी उरते तेवढी आहे.

सरकारी कामात आमचं गाव उठलं आणि आम्ही इथे निर्वासित झालो, हे तुला ठाऊकच आहे. पण समुद्राबरोबर आणखी काय गेलं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिकडे अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पुरुष होड्यांवर असायचे आणि मधल्या भांगाचे (पाण्याला ओढ नसते ते) चार दिवस घरी. पोरांमध्ये आपोआप अंतर पडायचं. आता हे आणि सासरे दोघेही बांधकामावर मजूर. साडेपाचचा भोंगा झाला की सगळ्या वसाहतीचे नवरे घरी हजर, आणि रविवारी तर दिवसभर!

मग फिरत्या दवाखान्याची नर्सबाई आली. पाळीनंतर कुठले दिवस टाळायचे, ते तिने चित्र दाखवून सांगितलं. (समोर सासरे बसलेले, त्यामुळे आम्ही पदर इतके खाली ओढले की चित्र कुणालाच दिसलं नाही.) ती गेल्यावर आमच्या सासूबाईंनी, म्हणजे गोदूबाईंनी (वय अवघं बेचाळीस, तोरा ऐंशीचा), निकाल दिला, "टाळायचे दिस उधाणाचेच. आमी जल्मभर तेच केलं." झालं! पुनव आली की सगळ्यांचे नवरे खाटा घेऊन ओट्यावर. शेजारच्या झुंबरने हे सर्वांत कडक पाळलं आणि उलट्याही तिलाच सर्वांत आधी सुरू झाल्या. मी वाचले, कारण ह्यांना गालगुंड झाले होते.

दवाखान्यात पोर न राहण्यासाठी लूप बसवतात असं कळलं, म्हणून रांगेत उभी राहिले. कारकुनाने गाव विचारलं. जुनं सांगितलं, तर म्हणाला, ते उठलं. सरावली सांगितलं, तर म्हणाला, इथल्या यादीत तुम्ही नाही. म्हणजे कागदावर आम्ही कुठेच राहत नाही, पोरं मात्र होतात. ताई, थट्टा करतेय खरी, पण मागच्या खेपेला रक्त थांबेना तेव्हा तूच उशाशी होतीस. पाचव्याची मला फार भीती वाटते.

थोरांना दंडवत, लहानांना (असतील तितक्यांना) आशीर्वाद.

तुझी,
पुष्पलता

ता.क. मूळ काम राहिलंच. "बोंबील वाळवायला हात कमी पडतात, पुष्पीला आठ दिवस पाठवा" असं पत्र ह्यांच्या नावे टाक. तुझा मुरबे गावचा पत्ता सांगून तिकडच्या दवाखान्यात लूप बसवून घेईन. सासूबाईंना मात्र कळू देऊ नकोस. नर्सबाईचं नाव काढलं तरी त्या बोटं मोडतात.

आणखी एक ता.क. बोंबलांचं निमित्त सासूबाईंना आत्ताच सांगून पाहिलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "बोंबील ऱ्हाऊ दे. तिकडं दवाखान्यात दोन नावं लिव. तुझा सासराबी आता रोज घरी येतो."

तेव्हा ताई, दोन अंथरुणं काढून ठेव.