मोरीतल्या मुंग्या

मु. उंद्री
माघ वद्य पंचमी, शके १८५९

चि. सौ. वच्छलेस,

आजेसासू रुखमाबाईचे पोटातून आशीर्वाद. तुह्या माय-बापाले नमस्कार. इकडं काळी म्हैस व्याली, पारडी झाली. दूध लय हाय, पण खवा करणं मी बंद केलं. काऊन ते पुढं येईल.

आधी खुशखबर. परवा माह्या नातवानं, तुह्या नवऱ्यानं, मले शिवी देली. दसऱ्याले इंद्रभानच्या अंगावरून वारं गेलं तवापासून नुसतं बोबडं निघे. परवा कारल्याचा रस पुढं केला तर साफ म्हणला, "थेरडे, तूच पे." मी शेजारच्या विमलबाईले सांगाले पळाली. ते म्हणते, "आत्याबाई, शिवी खाऊन कोणी असं हासते काय?" उजवा हात बी खांद्यापर्यंत उचलते आता.

हे पारव्याच्या रक्तानं झालं नाई, बरं. तू गेल्यावर गावचा वैदू पुंजाजी दोन पारवे घेऊन आला. लकव्यावर हाच इलाज म्हणे. माह्यासमोर माना मुरगाळल्या, ऊन ऊन रक्त पोराच्या अंगाले चोळलं, वाटीत धरून पाजलं. मिशीले थिजलं, वर माशा. अजून घास तोंडाजवळ नेला का मले तो वास येते.

मंग माह्या धाकट्या पोरानं, रंगरावानं, पुतण्याले गाडीत टाकून मेहकरच्या डाक्टराकडं नेलं. मी बी गेली. त्या माणसानं इंद्रभानचं मूत काचेच्या नळीत घेतलं, निळं औषध टाकलं अन् दिव्यावर उकळलं. शेजारीच त्याचा चहाचा कप. शी. निळ्याचं विटेसारखं लाल झालं. म्हणला, "आजी, लघवीत साखर आहे, रक्तातही असणार. आधीपासून असेल, नाहीतर या लकव्याच्या झटक्यानं वाढली. वय तिशीचं, खायला काय घालता?"

मी म्हटलं, शक्ती यावी म्हणून शिरा, खवा, गूळ-तूप. दोन्ही टायमाले.

"लघवीला मुंग्या लागत होत्या का?"

मी म्हटलं, नाई.

वच्छले, लागत होत्या. तू म्हणली होती ना, "आजी, मोरीत मुंग्या लागतात, पाहा." मी तुह्या आधीच पाह्यल्या होत्या. राख टाकत होती. लोक परमा म्हणतील, बाईबाजीचा रोग म्हणतील, धाकट्या नातीले कोणी पत्करणार नाई, हे भेव. तू कोठं बोलू नये म्हणून तुहा बाप आला तवा चार लोकांत मीच बोलली, "हिले नवऱ्याची किळस येते," अन् तो तुले घेऊन गेला.

किळस मले येत होती. त्याचं हागणं-मुतणं तू दोन हातानं काढलं. मी नाकाले पदर लावून दारात उभी, अन् तिथूनच शिऱ्याची ताटली सरकवे. आता ते आठवलं का मले माहीच शिसारी येते.

डाक्टराले मागच्या खेपेले खरं सांगितलं. ज्वारीची भाकर, भाजी, एवढंच देतो. नळीत आता लालाच्या जागी हिरवट येते, म्हणजे उतार हाय म्हणे. इंद्रभान रोज तुह्यासाठी दाराकडं पाह्यते.

त्या चार लोकांच्या घरी जाऊन मी खरं काय ते बोलून आली. राह्यला तुहा बाप. सोमवारच्या मोटारीनं जळगाव जामोदले येऊन राह्यली. मले मोटार लागते, ओकत ओकत येईन. तुह्यासमोर त्याले सांगीन. मंग तू माह्यासंगं चाल, नाईतर नको येऊ. मी जोर करणार नाई.

तुह्यावर खोटं बोललेली
रुखमाबाई