पुदिना खलू नये

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? इकडे आई ठणठणीत, बाबांचं औषधांचं दुकान चालू, छत तेवढं चिकट झालं आहे. तेच सांगायला बसले आहे.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात मोहितो केलात, बाबांनी ग्लास हुंगून ‘हे माझ्या दुकानात विषाच्या कपाटात ठेवलं असतं’ म्हटलं, आणि तुम्ही ‘दाजी, तुम्ही पुड्याच बांधा’ म्हणून निघून गेलात ते परत आला नाहीत. (पुदिना चेचायचं तुमचं लाकडी दांडकं इथेच राहिलं. आई त्याने खिडकी अडवते.) तेव्हापासून बाबा तुमचं नाव काढत नाहीत. पण यंदा ऊन तापलं तसे ते गच्चीवरच्या पुदिन्याभोवती घुटमळू लागले, आणि एका दुपारी त्यांनी जाहीर केलं की मोहितो हे मुळात औषध आहे. कुठेसं वाचलं होतं. कोणी म्हणतं, ऊस पिकवणाऱ्या कुठल्याशा दूरच्या बेटावर आजारी खलाशांसाठी कच्ची दारू, लिंबू, साखर आणि पुदिना एकत्र केला. कोणी म्हणतं, ते फडातल्या मजुरांचं पेय. खात्री कोणालाच नाही. बाबांनी खलाशी निवडले. (तुम्ही सांगायचात, जहाजावर असताना तिकडच्या एका म्हाताऱ्या बारवाल्याने शिकवलं. आई म्हणते, हा म्हातारा दर वेळी वेगळ्या बंदरात असतो.)

औषध म्हटल्यावर बाबांचा हात कोण धरणार? पुदिना खलात घालून त्यांनी जन्माच्या सवयीने असा घोटला की त्यात दोन दरवाजे रंगवून झाले असते. चव कडू जहर. ‘औषध कडूच असतं,’ बाबा म्हणाले. ‘मग तुम्हीच घ्या,’ आई म्हणाली. त्यांनी घेतलं, आणि खलाशांच्या सहनशक्तीबद्दल आदराने बोलले. पुढच्या खेपेला तेच गाळून, लिंबू थेंबाथेंबाने मोजून, सोडा घालून बाटल्यांत भरलं, घट्ट बुचं लावली आणि वर (हातच तसा वळलेला) चिठ्ठ्या चिकटवल्या: घेण्यापूर्वी चांगले हलवावे.

चव बघायला बोलावलेल्या शेजारच्या मुख्याध्यापिका बाई लेखी सूचना मोडत नाहीत. त्यांनी चांगलं हलवलं. बूच दिव्यावर, मोहितो छतावर, आणि छताला नको झालेला बाबांच्या डोक्यावर. बाईंनी शांतपणे विचारलं, ‘पुढची मात्रा कधी?’ बाबा हसत हसत खाली फरशीवरच बसले, मिशीत पुदिना. मग डोळे पुसत म्हणाले, ‘तो असता तर दारातूनच ओरडला असता, दाजी, बूच सैल करा.’ आईने उठून खिडकी लावली, दांडकं धुतलं आणि टेबलावर ठेवलं.

तर रविवारी या.

तुमची भाची

ता. क. बाबांना या पत्राचा पत्ता नाही.

ता. क. वरचं खोटं आहे. ते खांद्यावरून वाचताहेत आणि ‘कडू जहर’ खोडायला सांगताहेत. गुडघ्याची चौकशीही त्यांचीच. सोबत मलम आहे. हलवू नये.

ता. क. (हे मी, दाजी.) पुदिना नुसता दाबायचा असतो, हे मला सांगण्याआधीच तू निघून गेलास. खल माळ्यावर टाकला आहे. बर्फ मी करून ठेवतो. ये.