तू जुळवलेले खडे

प्रिय आई,

उद्या प्रोजेक्टची वही द्यायची आहे. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती तू असतानाच सांगायला हवी होती.

दौंडच्या बाजारात तू चिलापी माशांचे वाटे लावायचीस. एका वाट्यात मोठा मासा गेला, की दुसऱ्यात दोन लहान. शाळेआधी मी मोजायला तिथंच शिकले. वाटा कमीजास्त दिसला की म्हणायचीस, "नीट बघ. गिऱ्हाईक घरी जाऊन परत मोजतंय."

मग मी शिरूरला कॉलेजात गेले आणि तुलाच कामाला लावलं. गावाचं सांडपाणी नदीत सोडणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी धरलेल्या माशांच्या डोक्यातले, आतल्या कानातले दोन-दोन बारीक खडे काढ, धू, नीट ठेव. कशासाठी, ते सांगितलं नाही. तुला कळणार नाही असं वाटलं होतं का मला? हो, वाटलं होतं.

महिन्यानं आले तर डब्यात खड्यांच्या जोड्या मांडलेल्या. "समदं सारख्याला सारखं लावलंय. आता तुला निवडायचं काम न्हाई."

आई, मला फरकच मोजायचा होता. पाणी बिघडलं की एकाच माशाचे डावे-उजवे खडे सारखे वाढत नाहीत का, ते बघायचं होतं. आता कोणता खडा कोणत्या माशाचा, हेच कळेना. मी ओरडले. तू म्हणालीस, "बरं बाई, परत कालवते," आणि खरंच हात घातलास. मी डबा ओढून घेतला. तू तरी एकदा विचारायचंस ना, कशाला हवेत म्हणून?

तू गेल्यावर मी तेच खडे मोजले. शिरूरच्या घोडनदीतल्या, चांगल्या पाण्यातल्या माशांपेक्षाही सारखे भरले. मॅडम म्हणाल्या, "दौंडचे आकडे छान आलेत." मी ते तसेच वहीत उतरवले. त्या आकड्यांनी नाल्याचं पाणी चांगलं ठरतं. आणि तिथला मासा वास मारतो म्हणून पाटीत न घेणारी तूच होतीस!

उद्या ते आकडे काढून वही देणार आहे. का काढले, तेही लिहिलंय: सांगणाऱ्यानं नीट सांगितलं नव्हतं. सांगणारी मी. कदाचित हे वर्ष जाईल.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी स्वतः नाल्यापाशी जाईन. एका माशाचे दोन खडे एका पुडीत ठेवीन. तुझा डबा मात्र तसाच राहील. त्यातली एकही जोडी मी मोडणार नाही.

तुझी,
सुमन