मागच्या दारचा तांब्या

महाड, गुरुवार, २० नोव्हेंबर १९३०. दिवेलागण.

अल्मोड्याच्या बायकांच्या इस्पितळाचं पत्र आलं. नर्स म्हणून घेतलंय. परवा दासगावहून लाँच, मग मुंबई, मग उत्तरेकडे आगगाडी. घरात सगळ्यांची तोंडं उतरली.

आणि दादाने पहिलं काय विचारावं? "तिकडे कुणाच्या हातचं पाणी पिणार तू?"

पाणी! हा मला पाण्याचं विचारतो! चार वर्षं झाली, कुणाचं बाळंतपण करून आले की मागच्या दारी माझ्यासाठी तो पोचे पडलेला तांब्या भरलेला. अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. पोलादपूरकडच्या वाड्यांतल्या बाया मात्र माझे हात धुऊन होण्याआधी म्हणतात, "बाय, दमलीस गो, पेज खा आधी."

दादाचा स्वतःचा मुलगा वहिनीच्या बाळंतपणात आडवा आला होता. मीच सोडवला. त्या दिवशी दादा पुढच्या दारी साखर वाटत होता आणि मी मागच्या दारी, त्याच तांब्यापाशी.

हे सगळं त्याला ऐकवलं का? नाही. का नाही? भ्याले? छे! एवढंच म्हटलं, "माझ्या हातचं पिईन."

आत्ता ट्रंक भरली. लुगडी, कात्री, पुस्तकं आणि वर तो तांब्या. वहिनी दारातून हळूच म्हणाली, "वन्सं, तो कशाला? चांगला देते ना."

म्हटलं, हाच हवा. तिकडे पुढच्या खोलीत ठेवणार आहे, घासून लख्ख. येईल त्याला त्यातूनच पाणी देईन.

दादा कधी आलाच, तर त्यालाही.